केमिकलची जमीन साफ करायच्या नावाखाली ६,७५,००० घेतले, सावध राहा

आधी आकडा सांगतो. दिले ६,७५,०००. परत आले १३,५०० चे तीन हप्ते, म्हणजे ४०,५००. बाकी ६,३४,५०० बुडाले, त्यात ३ लाख बायकोच्या एफडीचे, आणि ती मोडायला मीच तिला बँकेत घेऊन गेलो होतो.

स्कीम कशी असते ते माहितीच आहे सगळ्यांना, महिना दोन टक्के, पहिले हप्ते वेळेवर, मग फोन बंद. आमच्याकडे डोंबिवली-अंबरनाथ-बदलापूर पट्ट्यात बंद पडलेल्या केमिकल कंपन्या कमी नाहीत, तसा एक प्लॉट दाखवला. म्हणे जमिनीत विष मुरलंय म्हणून मातीमोल मिळतेय, साफ केली की टॉवर उभा राहणार, साफसफाईचा पैसा आपण घालायचा, मुद्दल १८ महिन्यांनी दुप्पट. वर केंद्र सरकारच्या जुलै २०२५ च्या दूषित जागांच्या नियमांची प्रत हातात ठेवली. ती प्रत खरी होती, म्हणून तर विश्वास बसला! पण त्याच नियमांत लिहिलंय की खर्च ज्याने घाण केली त्याच्याकडून वसूल करायचा, तो सापडलाच नाही तर सरकारने बघायचं. लोकांकडून व्याजाने पैसे गोळा करा असं कुठेच नाही. मी दोन पानं वाचून ठेवून दिली. तुम्ही पूर्ण वाचा.

लोभ म्हणाल, तर तसं नाही. माणूस आमच्याच कंपनीतला जुना सुपरवायझर, माझ्या मुलीच्या लग्नात पंगतीला वाढायला उभा होता. अशा माणसावर संशय कोण घेतो?

पण एक गोष्ट मला झोपू देत नाही. २५,००० चेकने आणि साडेतीन लाख आरटीजीएसने देऊन झाले होते, ३ लाख बाकी होते तेव्हा साइट बघायला नेलं. जेसीबी चालू, खड्ड्यात पिवळं पाणी, डोळे चुरचुरतील असा वास, आणि खरवडलेली माती कुंपणाला लागून ढीग करून वर निळी ताडपत्री. मी २२ वर्षं केमिकल कंपनीत डिस्पॅचला काढलीत. घातक कचरा गेटबाहेर काढायचा तर मॅनिफेस्ट लागतं, म्हणजे कचरा कुठून निघाला, कुठे पोचला याचा कागद, सात रंगांच्या सात कॉपी, पांढरी, पिवळी, गुलाबी, मी स्वतः भरल्यात, आणि आमची गाडी थेट तळोज्याच्या घातक कचऱ्याच्या केंद्रावर जायची. इथे ना गाडी, ना कागद. विचारलं मी, नाही असं नाही. तिथला पोरगा म्हणाला, ऑफिसला आहे काका, चहा घ्या. आणि मी चहा घेतला. चौथ्या दिवशी ३ लाख दिले. तो एक कागद हातात आल्याशिवाय हललो नसतो तर एफडी वाचली असती.

पोलिसांकडे गेलो तर म्हणे सिव्हिल मॅटर आहे, कारण ५०० च्या स्टॅम्प पेपरवर त्यांनी 'हातउसने' लिहून घेतलं होतं. कागदावर गुंतवणूक सोडून दुसरा कुठलाही शब्द दिसला तर सही करू नका. तिथून आर्थिक गुन्ह्यांवाल्यांकडे पाठवलं, ते म्हणाले रक्कम छोटी आहे, अजून तक्रारदार आणा. म्हणजे शेजाऱ्यापाजाऱ्यांनी बुडेपर्यंत थांबायचं का? प्रदूषण बघणाऱ्या साहेबांनी सांगितलं आम्ही माती बघतो, पैसे नाही. बरं, मग माती तरी बघा! दोन अर्ज दिले, पोच घेतली, कोणी फिरकलं नाही, आणि ती ताडपत्री वाऱ्याने फाटून पाऊस पडला की सगळं नाल्यात जाणार. चार टेबलांवर चार वेळा तीच कहाणी सांगायची, समोरचा मोबाईलमध्ये बघणार, आणि शेवटी वर विचारणार, काका तुम्ही शिकलेले ना?

तक्रारीत एमपीआयडी कायदा १९९९ (ठेवीदारांचे पैसे बुडवणाऱ्यांवरचा महाराष्ट्राचा कायदा) आणि बेकायदा ठेवींचा २०१९ चा कायदा नाव घेऊन लिहा, मी पहिल्या अर्जात नाही लिहिलं, तोंडी सांगत बसलो. औद्योगिक प्लॉट बहुतेक लीजवर असतात, तिथे टॉवर बांधायची परवानगी कुठे आहे ते आधी मागा. महारेरा नंबर, म्हणजे बांधकाम प्रकल्पाची सरकारी नोंदणी, नसेल तर फ्लॅटचं बोलणंच ऐकू नका. कॅश तर अजिबात देऊ नका, माझे सगळे बँकेतून गेले म्हणून निदान पुरावा आहे.

याच प्लॉटवर पैसे घातलेले माझ्यासकट ७ जण एकत्र आलोत. आणखी कोणी असेल तर लाजू नका, पुढे या, एकत्र अर्ज द्यायचा आहे, स्टॅम्प पेपर आणि बँक स्टेटमेंटची झेरॉक्स घेऊन या.