गाडीचा डेटा बंद करून आठ महिने झाले, काय गेलं काय राहिलं ते सांगतो

गाडी घेतली २०२४ च्या दसऱ्याला. नाशिकला मुंबई नाक्याजवळच्या शोरूममध्ये तोबा गर्दी, बॉनेटवर झेंडूचा हार, बायको फोटो काढतेय, अण्णा (माझे वडील) चाकाखाली लिंबू ठेवतायत आणि त्या गोंधळात सेल्सवाला पोरगा म्हणाला, "सर फोन द्या ना जरा, ॲप चालू करून देतो." दिला. "ओटीपी आला असेल सर." सांगितला. त्याने सराईतपणे पाच-सहा ठिकाणी टिक मारली, फोन परत दिला, पेढा खाल्ला आणि पुढच्या गाडीकडे गेला. म्हणजे माझी गाडी कुठे जाते, किती जोरात जाते, ब्रेक कसा मारते हे सगळं गोळा करायची परवानगी मी दिलीय असं रेकॉर्डवर आहे, प्रत्यक्षात ती त्या पोराच्या अंगठ्याने दिलीय.

कंपनीचं नाव लिहीत नाही. आमच्या सोसायटीत तीन वेगवेगळ्या कंपन्यांच्या कनेक्टेड (म्हणजे इंटरनेटला जोडलेल्या) गाड्या आहेत, तिघांची ॲप उघडून बघितली, उन्नीस-बीसचा फरक.

आणि खोटं कशाला बोला, पहिले काही महिने मला ते ॲप जाम आवडलं होतं. सातपूरला कंपनीच्या पार्किंगला शेड नाही, एप्रिल-मेमध्ये सुट्टी व्हायच्या पाच मिनिटं आधी फोनवरून एसी चालू करून खाली उतरायचं हे सुख ज्याने घेतलंय त्यालाच कळेल. दर महिन्याला रिपोर्ट यायचा, ड्रायव्हिंग स्कोअर ६८, हार्ड ब्रेकिंग ४१ वेळा. त्र्यंबक रोडने संध्याकाळी एकदा येऊन दाखवा म्हणावं, मग कळेल ब्रेक मी हौसेने मारतो की समोरून राँग साइडने येणाऱ्या बाइकवाल्यामुळे मारतो. पण गाडीला समोरचा दिसत नाही ना, तिला फक्त माझा पाय कळतो, आणि पुढे कोणी हा आकडा वाचला तर त्यालाही तेवढंच कळणार.

तरीपण मी काही केलं नव्हतं. केलं ते अण्णांमुळे.

अण्णा ६९ वर्षांचे, अजून झकास गाडी चालवतात, वणीजवळ आमची थोडी जमीन आहे तिकडे आठवड्यातून एकदा चक्कर असते. मला काळजी, म्हणून मी ॲपमध्ये लोकेशन बघत बसायचो. एकदा गाडी दिंडोरीच्या पुढे पाऊण तास एका जागी उभी दिसली, फोन केला तर उचलेनात. संध्याकाळी घरी आल्यावर मी सहज विचारलं, "अण्णा, दिंडोरीच्या पुढे एवढा वेळ कुठे थांबला होता?" जुन्या मित्राच्या द्राक्षबागेत बसले होते, एवढंच. पण माझ्याकडे असे बघत राहिले की बस. मग म्हणाले, "मला विचारायचं होतंस. गाडीला काय विचारतोस?"

त्या रात्री मी पहिल्यांदा प्रायव्हसी पॉलिसी उघडली. इंग्रजीत, न संपणारी. अण्णांचं नाव त्यात कुठेच नाही, बायकोचं नाही, मागच्या सीटवरच्या पोराचं नाही. परवानगी मालकाची, हिंडणं सगळ्यांचं.

थोडक्यात यंत्रणा अशी की डॅशबोर्डच्या आत एक टेलिमॅटिक्सचा (गाडीची माहिती कंपनीला पाठवणारा) डबा असतो, टीसीयू म्हणतात त्याला, त्यात ई-सिम, जीपीएस, आणि गाडीच्या बाकी कॉम्प्युटरशी जोडणी. ते सिम तुमच्या नावावर रिचार्ज करायचं सिम नाही, मशीन-टू-मशीनवालं, १३ आकडी नंबरचं. त्यामुळे फोनमधून ॲप उडवलं म्हणजे काम झालं असं वाटत असेल तर नाही. मीही आधी तेच केलं होतं. ॲप उडवल्याने फक्त मला दिसायचं बंद झालं, गाडीचं पाठवणं चालूच. आठवडाभराने ॲप परत टाकलं तर मधल्या सगळ्या ट्रिपा जशाच्या तशा हजर!

बाहेर काय काय झालंय ते वाचलं तेव्हा झोप उडाली. मोझिला फाउंडेशनने २०२३ मध्ये २५ कार ब्रँड तपासले, प्रायव्हसीत एकही पास नाही. अमेरिकेत जनरल मोटर्सच्या गाड्यांमधला ड्रायव्हिंगचा डेटा लेक्सिसनेक्सिस आणि व्हेरिस्क या डेटा विकणाऱ्या कंपन्यांकडे जात होता आणि तिथून विमा कंपन्यांकडे, लोकांचे प्रीमियम वाढले तेव्हा त्यांना पत्ता लागला. तिथल्या एफटीसीने (ग्राहकांच्या हिताकडे बघणारी सरकारी संस्था) जानेवारी २०२५ मध्ये कारवाई जाहीर केली, त्यात लिहिलंय की लोकेशन काही वेळा दर तीन सेकंदांनी घेतलं जायचं. तीन सेकंद! आणि मला सगळ्यात जास्त लागलं ते सुबारूचं प्रकरण. सॅम करी नावाच्या सिक्युरिटी रिसर्चरने आईला घेऊन दिलेल्या गाडीवर प्रयोग केला आणि कंपनीच्या कर्मचाऱ्यांसाठीच्या पोर्टलमधून त्याला आईच्या वर्षभराच्या सगळ्या फेऱ्या नकाशावर दिसल्या. कंपनीने ते भोक लगेच बुजवलं, पण वर्षभराचा इतिहास साठवलेला होता हे तर खरंच ना. मला आपलं अण्णांचं दिंडोरी आठवलं.

आता बंद कसं केलं ते. ॲपमध्ये सेटिंगच्या पोटात, तिसऱ्या-चौथ्या स्क्रीनवर कन्सेंटची (संमतीची) पानं आहेत. मार्केटिंग, ड्रायव्हिंग बिहेवियर आणि व्हॉइस असिस्टंटचं रेकॉर्डिंग, हे तिन्ही वेगवेगळे बंद होतात, कुठलीही सेवा न गमावता. ज्यांना फार डोकं लावायचं नाही त्यांनी निदान एवढं तरी आजच करा. लोकेशन बंद करायला गेलो की मात्र लाल अक्षरात धमकी, सर्व कनेक्टेड सेवा बंद होतील. केलं. मग गाडीच्या स्क्रीनवर वेगळी परवानगी आहे, ती तिथेच बसून काढावी लागते, आणि दोन्हीकडून काढली तरी ई-सिम जिवंतच. त्यासाठी कस्टमर केअरला ईमेल. पहिलं उत्तर भलत्याच विषयावर, दुसरं "तुमची तक्रार सोडवली आहे" (कुठली??), सर्व्हिस सेंटरला गेलो तर ॲडव्हायझर म्हणतो, "सर, असं कोणी मागत नाही, लोक तर पैसे भरून रिन्यू करतात." शेवटी पाच आठवड्यांनी एक फॉर्म आला, आरसी आणि ओळखपत्र जोडून पाठवलं (डेटा देऊ नका म्हणायला अजून डेटा द्या, वा) आणि मग सबस्क्रिप्शन इनॲक्टिव्ह झाल्याचा मेल आला. जुना डेटा पुसा असंही मी फॉर्मसोबत लिहिलं होतं, त्यावर "कायद्यानुसार आवश्यक कालावधीपर्यंत" असं गुळमुळीत उत्तर.

मधल्या काळात अंबडचा एक ओळखीचा इलेक्ट्रिशियन म्हणाला, "भाऊ, फ्यूज काढून देतो, विषय संपला." मोह झाला होता. पण काही गाड्यांत कॉलचा माइक किंवा एखादा स्पीकर त्याच डब्यातून जातो, फ्यूज काढला की ब्लूटूथवर बोलणं बंद, शिवाय वॉरंटीत उद्या काही निघालं तर वाद घालायला त्यांना आयतंच कोलीत. नाही काढला.

गेलं काय तर रिमोट एसी गेला. बायकोचं ठाम मत आहे की "तुझ्या तत्त्वांपायी माझे हात भाजतात." बरोबर आहे तिचं. गाडी चोरीला गेली तर ट्रॅकिंग नाही. आणि एसओएस (अडचणीत मदत मागवायचं बटण) गेलं, ज्यावर मी अजून पूर्ण निर्धास्त नाही. सप्टेंबरमध्ये कसारा घाटात रात्री टायर बसला, धुकं असं की बॉनेटच्या पुढचं दिसेना, फोनला एकच काडी रेंज. तेव्हा छतावरचं ते मेलेलं बटण बघून मनात आलंच की शहाणपणा जास्त तर नाही झाला. १०३३ ला फोन लागला, हायवेची मदत आली, निभावलं. पण तुमच्या घरात एकट्याने लांब जाणारं कोणी असेल तर एसओएस आणि लोकेशन चालू ठेवा आणि बाकीचं बंद करा, मी भांडणार नाही. खरं तर एसओएस वेगळं आणि ट्रिपची हिस्ट्री वेगळी अशी निवड द्यायला काय जातं यांचं, अपघात झाल्यावर एकदाच लोकेशन पाठवायला वर्षभराचा प्रवास कशाला साठवायला लागतो?

जानेवारीत विम्याचा एजंट आलेला. "तुमचं रनिंग कमीये, गाडी कनेक्टेड आहे, डिस्काउंटवाला प्लॅन बसवू." हे खरंय, आयआरडीएआयने (विमा कंपन्यांवर देखरेख करणारी सरकारी संस्था) २०२२ च्या जुलैत पे ॲज यू ड्राइव्ह आणि पे हाऊ यू ड्राइव्ह या दोन्हीला परवानगी दिलीय. पहिल्याला माझी हरकत नाही, किलोमीटर मोजा आणि पैसे घ्या. दुसऱ्यात मात्र ते त्र्यंबक रोडचे ४१ ब्रेक येतात. नको म्हटलं.

आपल्याकडे कायदा आहे, डिजिटल पर्सनल डेटा प्रोटेक्शन ॲक्ट, २०२३ चा. त्यात दोन गोष्टी मला भारी वाटल्या. एक, संमती काढून घेणं हे संमती देण्याइतकंच सोपं असलं पाहिजे. माझी संमती दोन मिनिटांत पेढा खाता खाता घेतली, काढायला पाच आठवडे, हिशोब तुम्हीच करा. दुसरं, संमती मागणारा मजकूर राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या कुठल्याही भाषेत मागता आला पाहिजे, म्हणजे मराठीत. पण नियम निघाले नोव्हेंबर २०२५ मध्ये आणि कंपन्यांवरची मुख्य बंधनं त्यानंतर १८ महिन्यांनी, म्हणजे मे २०२७. तोवर कुंभमेळ्याची गर्दी सुरू व्हायला आली असेल.

आणि कोणी असं समजू नका की मी आता अदृश्य झालोय. घोटीच्या टोलला फास्टॅग वाजतोच, अँड्रॉइड ऑटो लावलं की गुगलला सगळं माहिती, एअरबॅगच्या कॉम्प्युटरमध्ये धडकेच्या आधीचे काही सेकंद राहतातच (ते गाडीतच राहतात, त्याला माझी ना नाही). अजून एक, ब्लूटूथ जोडताना कॉन्टॅक्ट सिंकला नाही म्हणा. माझ्या आतेभावाने सेकंडहँड गाडी घेतली तर त्यात आधीच्या मालकाचे दोनेकशे नंबर आणि 'होम' म्हणून त्याच्या घराचा पत्ता. गाडी विकताना आधी ॲपमधून गाडी काढा, मग स्क्रीनवर फॅक्टरी रीसेट मारा, आणि घेताना समोरच्याला तुमच्यासमोर करायला लावा, नाहीतर तो घरबसल्या तुमचे दरवाजे उघडेल.

खरंच बंद झालंय का हे तपासायला माझ्याकडे काही मशीन नाही. पण आधी सर्व्हिस सेंटरच्या ताईंचा फोन यायचा तो असा, "सर तुमची गाडी नऊ हजार आठशे झालीये, अपॉइंटमेंट देऊ?" मीटर बघायला मी खाली गेलेलो नसायचो तेव्हा. परवा फोन आला, "सर, रनिंग किती झालंय गाडीचं?" एवढा आनंद मला स्कोअर बघून कधी झाला नव्हता. आकडा मलाही माहीत नव्हता, गाडी अण्णांकडे होती, म्हणून त्यांना फोन केला. चष्मा शोधायला वेळ घेतला त्यांनी. मग म्हणाले, "अठरा हजार चारशे सहा. आणि ऐक, वणीहून निघालोय, वाटेत बागेत थांबणारे, जेवायला वाट बघू नका."