काचेचे वजन: चौरस फुटावर की चौरस मीटरवर?

कोल्हापुरात काचेचे माप सर्रास फूट-इंचात सांगितले जाते, जाडी मात्र मिलिमीटरमध्ये. त्यामुळे तावदान उचलण्यापूर्वी वजन काढायच्या दोन रीती समोर येतात. मीटरची रीत सरळ आहे. काचेची घनता घनमीटरला सुमारे 2500 किलो असल्याने 1 मिमी जाडीच्या 1 चौरस मीटर काचेचे वजन 2.5 किलो भरते. फुटाच्या रीतीत हाच आकडा 0.232 होतो, जो तोंडपाठ ठेवणे कठीण.

सात फूट बाय तीन फूट, 12 मिमीचा दुकानाचा दरवाजा घ्या. 21 गुणिले 12 गुणिले 0.232, म्हणजे 58 किलोंहून थोडे अधिक. मीटरनेही तेवढेच येते. एवढी काच दोघांच्या हातावर मी तरी सोडणार नाही. फुटाच्या रीतीत आणखी एक खाच अशी की, बिलावरचे क्षेत्रफळ बहुधा वरच्या मापाला चढवलेले असते आणि तेच धरले तर वजन फुगते. म्हणून टेप प्रत्यक्ष काचेवरच लावावा.

दुहेरी काचेत मात्र दोन्ही रीती सारख्याच फसतात. 6 मिमी काच, 12 मिमी पोकळी, पुन्हा 6 मिमी काच अशा तावदानाची जाडी 24 भरते, पण वजन 12 मिमी काचेचेच धरायचे, म्हणजे चौरस मीटरला 30 किलो, शिवाय कडेच्या पट्टीचे थोडेसे. जागेवर झटपट अंदाजाला फूट चालेल. क्रेन किंवा सक्शन कप ठरवताना मी मीटरच धरतो.