नंबर घासलेला रेग्युलेटर: डायव्हिंगचं सामान ऑनलाइन घेणाऱ्यांनी एवढं वाचाच

मी भुसावळचा. पोहायला तापीत शिकलो. विसर्जनाच्या दिवशी घाटावर जी पोरं पाण्यात उभी असतात, त्यांच्यात मी दरवर्षी असतो. गेल्या हिवाळ्यात तारकर्लीला जाऊन स्कुबाचा कोर्स केला आणि तेव्हापासून स्वतःचं सामान घ्यायचं डोक्यात बसलं. त्यात 26 हजार रुपये गेले. पैशाचं वाईट वाटतंच, पण त्या रेग्युलेटरमधून, म्हणजे सिलिंडरमधली हवा दाब कमी करून तोंडापर्यंत आणणाऱ्या यंत्रातून, मी पाण्याखाली श्वास घेणार होतो, म्हणून सगळं सांगतो.

मास्क आणि फिन्स (पायात घालायचे वल्ह्यासारखे पंख) मी जळगावातल्या खेळाच्या सामानाच्या एका जुन्या दुकानातून घेतले. दुकानदार काकांनी चार मास्क काढले. पट्टा न लावता चेहऱ्यावर टेकवून नाकाने श्वास आत ओढायला सांगितला. दोन लगेच गळून पडले, तिसरा मिशीपाशी हवा घेत होता, चौथा हात सोडला तरी चिकटून राहिला. काच टेम्पर्ड आहे ना, कडा सिलिकॉनच्या आहेत की साध्या प्लास्टिकच्या, हेही त्यांनीच दाखवलं. रेग्युलेटरचं विचारलं तर म्हणाले, "भाऊ, मागवून देईन, पण त्याची सर्व्हिसिंग मला येत नाही. जिथं शिकलास त्यांच्याकडूनच घे."

तारकर्लीच्या सरांनी नव्याची जी किंमत सांगितली ती मला झेपणारी नव्हती. मग मोबाइलवर एका पेजची जाहिरात दिसली. नामांकित कंपनीचा रेग्युलेटर, हवेचा दाब दाखवणारं गेज आणि ऑक्टोपस (जोडीदारासाठीचा जादा माउथपीस) यांसकट, "फक्त दोनदा वापरलेला". माणूस बोलायला गोड. व्हिडिओ पाठवला, बिलाचा फोटो पाठवला. कॅश ऑन डिलिव्हरी मागितली तर म्हणे, एवढ्या किमतीचं कुरिअरवाले घेत नाहीत. अर्धे आधी द्या, अर्धे पार्सल निघाल्यावर. अर्धे दिले. दुसऱ्या दिवशी कुरिअरच्या पावतीचा फोटो आला, उरलेलेही दिले. पेजवर दुकानाचं नाव होतं आणि यूपीआयवर पैसे टाकताना भलत्याच बाईचं नाव येत होतं. ते मला दिसलं होतं. विचारलं तर "बहिणीचं खातं आहे" म्हणाला आणि मी ते ऐकून घेतलं. तिथेच थांबायला हवं होतं.

पार्सल पाचव्या दिवशी आलं. माउथपीस कोरं, नळ्या चकचकीत. पण फर्स्ट स्टेजवर, म्हणजे सिलिंडरला जोडायच्या धातूच्या भागावर, जिथं सिरीयल नंबर कोरलेला असतो तिथलं क्रोम निघून पितळ उघडं पडलेलं, त्यावर आडव्या बारीक रेघा, कानस फिरवल्यासारख्या. व्हिडिओ पुन्हा लावून थांबवत थांबवत पाहिला. त्यातल्या रेग्युलेटरवर नंबर स्पष्ट दिसत होता. म्हणजे दाखवला एक आणि पाठवला दुसरा. त्याला फोटो पाठवला तर "वापरात घासतं तेवढं" असं उत्तर आलं, आणि संध्याकाळपर्यंत मी ब्लॉक.

तरी मनात होतं की चालत तर असेल. पुढच्या खेपेला तारकर्लीला बरोबर नेला. सरांनी आधी सिलिंडरला जोडतात त्या तोंडातली धातूची जाळी दाखवली. ती स्वच्छ हवी. माझ्याकडची हिरवी पडली होती. कल्हई उडालेल्या पितळी भांड्यात ताक राहिलं की कळकतं, तशी. आत पाणी शिरून धातू गंजल्याची ती खूण. मग त्यांनी रेग्युलेटर सिलिंडरवर चढवून मधला दाब मोजायचं गेज लावलं. सिलिंडरमधली 200 बारची हवा फर्स्ट स्टेज साधारण 9 ते 10 बारवर आणतो, आणि काटा तिथं खिळून राहिला पाहिजे. माझा काटा 10 वर थांबेना. अकरा, बारा, हळूहळू वर सरकतच राहिला आणि माउथपीसमधून फुसफुस सुरू झाली. आतली सीट, म्हणजे हवा अडवून धरणारी बैठक, गेलेली होती. सर एवढंच म्हणाले, "हा आज पाण्यात जाणार नाही. माझा घे."

खाली हवा अशी वाहू लागली तर सिलिंडर बघता बघता रिकामा होतो. नवखा माणूस घाबरून श्वास रोखतो आणि वर झेपावतो. 10 मीटरवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट असतो. तिथं छातीत भरून घेतलेली हवा वर येईपर्यंत दुप्पट फुगते. फुप्फुस फाटतं ते असं. घाटावरची पोरं हा सेट एकदा वापरू दे म्हणून मागे लागली होती, ते आठवलं की अजून झोप उडते.

सर्व्हिसिंगची चौकशी केली तर नंबरच नाही म्हणून घ्यायला नकार मिळाला. चोरीचा असेल की भंगारातला, कोण सांगणार? सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनवर फोन मी उशिरा केला, ब्लॉक झाल्यावर कितीतरी दिवसांनी. तो त्याच तासाला करायचा असतो, कारण पैसे खात्यात असेपर्यंतच अडवता येतात. तक्रार नोंदली गेली, पैसे आलेले नाहीत.

जुना रेग्युलेटर घ्यायचाच असेल तर नंबर आणि सर्व्हिसिंगची नोंद आधी मागा, आणि गेज लावून दाखवेल त्याच्यासमोर बसूनच पैसे द्या. भुसावळ, जळगाव, यावल, रावेरकडचं कुणी घेत असेल तर आधी मला भेटा. ती हिरवी जाळी मी सरांकडून काढून घेतली आहे, डबीत आहे, हातात देऊन दाखवतो.