गळ्यातले आयकार्ड की मोबाईलमधले?

येत्या सत्रापासून विद्यार्थ्यांना मोबाईलवर ओळखपत्र द्यावे की पूर्वीप्रमाणे प्लॅस्टिकचेच छापून घ्यावे, याविषयी नागपुरातल्या दोन महाविद्यालयांच्या ग्रंथपालांशी अलीकडेच माझे सविस्तर बोलणे झाले. आमच्या महाविद्यालयाने हा निर्णय घेतला तेव्हा समितीत ग्रंथालयाच्या वतीने मी होतो, आणि तेव्हापासून दोन्ही प्रकारची कार्डे रोज माझ्या देवघेव काउंटरवर येतात. त्यामुळे पुढे जे लिहितो आहे ते मोजमाप नव्हे, केवळ अनुभव आहे.

प्लॅस्टिक कार्डाची बाजू आधी मांडतो, कारण ती भक्कम आहे. त्याला चार्जिंग लागत नाही, रेंज लागत नाही आणि ते कुणालाही समजावून सांगावे लागत नाही. ‘आपली बस’चा वाहक गळ्यातले कार्ड पाहून पुढे जातो, मोबाईल पुढे केला की थबकतो, आणि त्याला दोष देता येत नाही. डिजिलॉकरमध्ये जारी झालेली कागदपत्रे मूळ कागदपत्रांच्या बरोबरीने ग्राह्य धरावीत, असा नियम २०१७ पासून आहे. पण महाविद्यालयाने स्वतःच्या ॲपमध्ये दिलेल्या कार्डाला तो आपोआप लागू होत नाही. परीक्षेच्या दालनात तर प्लॅस्टिकला पर्यायच नाही. मोबाईल दाराबाहेर पिशवीत ठेवायचा आणि ओळखपत्र त्याच मोबाईलमध्ये, ही अडचण सुटण्यासारखी नाही. छायाचित्र असलेले हॉल तिकीट सोबत असते म्हणून आमचे निभावते.

एवढे असूनही माझे मत बदलले, ते एका जुन्या त्रासामुळे, आणि तो त्रास म्हणजे उशीर. आमच्याकडच्या व्यावसायिक अभ्यासक्रमांचे प्रवेश कॅपच्या, म्हणजे केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेच्या, फेऱ्यांतून होतात. एक फेरी संपते, दुसरी लागते, मग संस्थास्तरावरच्या रिकाम्या जागा भरल्या जातात. तोवर पहिल्या फेरीतल्या मुलांचे वर्ग सुरू होऊन बरेच दिवस लोटलेले असतात. छपाईवाला पूर्ण यादी आल्याशिवाय कामाला हात लावत नाही, कारण थोडीथोडी कार्डे छापणे त्याला परवडत नाही. यादी गेली की प्रूफ येते. कुणाचा फोटो काळपट, कुणाचा रक्तगट राहिलेला, कुणाच्या आडनावाचे इंग्रजी स्पेलिंग चुकलेले. दुरुस्त्या जातात, पुन्हा प्रूफ येते, आणि कार्डे विद्यार्थ्यांच्या हाती पडेपर्यंत दिवाळी तोंडावर आलेली असते.

तोपर्यंत विद्यार्थ्याची ओळख म्हणजे फी भरल्याची पावती. काटोलहून रोज जाणेयेणे करणाऱ्या एका विद्यार्थिनीची पावती मला अजून आठवते. चार घड्या घातलेली, घड्यांवर चिकटपट्टी लावलेली, पावसाने कडा फुगलेली, आणि नेमका नोंदणी क्रमांक घडीवर आल्यामुळे त्यातले मधले दोन आकडे पुसून गेलेले. “सर, जिथे तिथे हीच दाखवते आहे, आता हीसुद्धा फाटली तर काय दाखवू?” असे तिने विचारले, आणि माझ्याकडे उत्तर नव्हते. कार्डावरचा बारकोड वाचल्याशिवाय पुस्तक घरी द्यायचे नाही, असा आमचा नियम होता, आणि तिची पहिली अंतर्गत चाचणी चार दिवसांवर आली होती. शेवटी मी ते पुस्तक माझ्या नावावर काढून तिला दिले. एकीसाठी हे करता येते, उशिरा प्रवेश घेतलेल्या संपूर्ण तुकडीसाठी नाही. ज्या मुलांना प्रवेशच उशिरा मिळाला, त्यांनाच पुस्तकेही उशिरा मिळावीत, हे मला वर्षानुवर्षे खुपत आले होते.

मोबाईल कार्डाने हा त्रास संपवला. आता प्रवेश निश्चित होताना खिडकीवरच फोटो काढला जातो आणि संध्याकाळपर्यंत कार्ड विद्यार्थ्याच्या फोनवर असते. नावातली चूक कार्यालयातल्या नोंदीत एकदा दुरुस्त केली की कार्डावरही दुरुस्त होते. नाव कमी केल्यावर कार्ड त्याच दिवशी बंद करता येते. प्लॅस्टिकच्या काळात शिक्षण सोडून गेलेल्यांची कार्डे वाचनकक्षात बराच काळ फिरत असत.

या सोयीसोबत आलेल्या अडचणीही प्रामाणिकपणे सांगायला हव्यात. पहिल्याच दिवशी आमची बारकोड गन मोबाईलपुढे निरुपयोगी ठरली. लेझरची गन कागदावरून परावर्तित होणारा प्रकाश वाचते. मोबाईलच्या चकचकीत पडद्यावरून तिला तो नीट परत मिळत नाही. चित्र टिपून वाचणारे स्कॅनर नव्याने घ्यावे लागले, आणि तो खर्च पुरवठादाराच्या अंदाजपत्रकात कुठेही नव्हता. फोन यंत्राजवळ नेला की काम होते, अशी एनएफसीची सोय आम्ही विचारात घेतली होती, परंतु आमच्या बहुतेक विद्यार्थ्यांच्या स्वस्त फोनमध्ये ती आढळली नाही, म्हणून क्यूआर कोडच स्वीकारला. ज्यांना चिप असलेले प्लॅस्टिक कार्ड घ्यायचे असेल, त्यांनी चिप कोणती हे आवर्जून विचारावे. मिफेअर क्लासिक या जुन्या चिपची सुरक्षा संशोधकांनी २००८ मध्येच भेदून दाखवली आहे.

दुसरी अडचण आपल्या उन्हाची. आयफोनसारख्या महागड्या फोनसाठीही कंपनी भोवतालचे तापमान ० ते ३५ अंश सेल्सिअस असावे असे सांगते, आणि मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ च्या आसपास असतो. तापलेला फोन पडद्याचा उजेड आपणहून कमी करतो, वरून ऊन पडद्यावर पडते, आणि फाटकावर रांग खोळंबते. आम्ही स्कॅनर फाटकावरून काढून इमारतीच्या ओसरीत, सावलीत बसवला, तेव्हा कुठे रांग पुढे सरकू लागली.

स्क्रीनशॉटचा प्रश्न मात्र अधिक गंभीर होता. सुरुवातीला आमचा कोड स्थिर होता, आणि काही आठवड्यांतच एकाच विद्यार्थ्याचे कार्ड वाचनकक्षात दोघांच्या हाती दिसले. दुसऱ्याकडे व्हॉट्सॲपवरून आलेले चित्र होते. त्यानंतर दर ३० सेकंदांनी बदलणारा कोड आम्ही मागून घेतला. तो इंटरनेटशिवायही चालला पाहिजे, ही अटही घातली, कारण तळघरातल्या ग्रंथसंग्रहात रेंज मिळत नाही.

ज्यांच्याकडे कनिष्ठ महाविद्यालय आहे, त्यांनी आणखी एक गोष्ट पाहावी. अकरावी-बारावीची मुले १८ वर्षांखालील असतात, आणि २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात अशा मुलांच्या माहितीसाठी पालकांच्या पडताळता येण्याजोग्या संमतीची तरतूद आहे. ती संमती प्रवेश अर्जासोबतच घेणे सोयीचे पडेल. ॲप विद्यार्थ्याचे ठिकाण किंवा फोनमधले संपर्क मागत असेल, तर ते नाकारावे. ओळख पटवायला त्यांची गरज नसते.

ज्यांच्याकडे स्वतःचा फोन नाही, किंवा घरात भावंडांत मिळून एकच फोन आहे, अशी मुले प्रत्येक वर्गात असतात. त्यांना कारण विचारू नये. आम्ही कार्यालयात एक लहान कार्ड प्रिंटर ठेवला आहे. जो मागेल त्याला प्लॅस्टिक कार्ड त्याच दिवशी छापून मिळते, आणि परीक्षेच्या सोयीसाठी फोन असलेली काही मुलेही ते मागून घेतात. महाविद्यालय लहान असेल, प्रवेश जूनमध्येच पूर्ण होत असतील आणि छपाई वेळेवर मिळत असेल, तर प्लॅस्टिकवरच थांबण्यात काही चूक आहे असे मला वाटत नाही. प्रवेश सप्टेंबरपर्यंत लांबत असतील, तर मोबाईल कार्ड मुख्य आणि प्लॅस्टिक मागणीनुसार, ही मांडणी मला अधिक न्याय्य वाटते. फक्त करारावर सही करण्याआधी पुरवठादाराला मे महिन्यात भर दुपारी फाटकावर बोलवावे आणि विद्यार्थ्यांच्याच फोनवरची पन्नास कार्डे ओळीने वाचून दाखवायला सांगावे.