मित्र शोधायला निघालेला नवरदेव : 'आय लव्ह यू, मॅन'

माझ्या नवऱ्याच्या फोनमध्ये नंबर भरपूर आहेत. सहकारी आहेत, प्लंबर आहे, दोन-तीन सीए आहेत. 'काही काम नाही, सहज केला' म्हणून ज्याला फोन करावा असा मात्र त्यात कोणी नाही. त्याला याचं काही वाटत नाही, निदान तो तरी तसं म्हणतो. जॉन हॅम्बर्ग यांनी दिग्दर्शित केलेला 'आय लव्ह यू, मॅन' (2009) आम्ही दोघांनी मिळून बघितला. मी बराच वेळ पडद्याकडे बघत होते आणि बराच वेळ त्याच्याकडे.

पीटर क्लेव्हन (पॉल रड) हा लॉस एंजेलिसमधला घरविक्रीचा एजंट. सुरुवातीलाच तो झोईला (रशिदा जोन्स) लग्नाची मागणी घालतो आणि ती हो म्हणते. परतताना ती गाडीतूनच मैत्रिणींना फोन लावते. स्पीकर चालू आहे, पीटर शेजारी बसून ऐकतोय याचा त्यांना पत्ता नाही, त्यामुळे नको ते सगळं बोलून होतं. मग झोई विचारते, तुला कोणाला सांगायचंय? अख्खा सिनेमा या एका प्रश्नातून निघतो. तिकडच्या लग्नात नवरदेवाशेजारी त्याचा जिवलग मित्र उभा राहतो. इथे नवरदेव आहे, तारीख आहे, फक्त ती जागा रिकामी आहे.

मग पीटर मित्र 'बघायला' निघतो, अगदी स्थळं बघावीत तसा. सल्लागार म्हणजे धाकटा भाऊ रॉबी (अँडी सँबर्ग). तो गे आहे, त्यामुळे पुरुषांना भेटायला बोलावण्याचा दांडगा अनुभव. त्याचा नियम सोपा: रात्रीचं जेवण नको, सिनेमा नको; दुपारी भेटा नाहीतर ऑफिस सुटल्यावर. हॅम्बर्गची खरी हुशारी इथे दिसते. प्रेमकथेचा सगळा साचा, म्हणजे पहिली भेट, फोन करू की नको, भांडण, ताटातूट, शेवटी लग्नमंडपाकडे धाव, त्याने जसाच्या तसा उचललाय आणि त्यात दोन पुरुष बसवलेत. विनोद वेगळा करावाच लागत नाही.

सिडनी फाइफ (जेसन सीगल) भेटतो तो विकायला काढलेल्या एका घरात. घर कोणाचं, तर टीव्ही मालिकेत 'हल्क' हा हिरवा महाकाय माणूस साकारणाऱ्या लू फेरिग्नोचं. त्याची भूमिका त्याने स्वतःच केली आहे. सिडनीला घर घ्यायचं नाही. तो आलाय फुकटच्या सँडविचसाठी आणि जमलंच तर एखाद्या घटस्फोटितेशी ओळख करून घ्यायला. आलेल्यांपैकी एक गृहस्थ आता नक्की वायू सोडणार, हे तो नुसत्या चेहऱ्यावरून ओळखतो. अंदाज खरा ठरतो आणि इथे मैत्री सुरू होते. थोर विचारांवरून जुळलेल्या मैत्रीपेक्षा मला ही जास्त खरी वाटली.

आता फोनचा प्रसंग. पीटर सिडनीला निरोप ठेवतो. वाक्य सुरू होतं, वळतं, अडखळतं, काही केल्या संपत नाही. बायकांशी, गिऱ्हाइकांशी नीट बोलणारा माणूस बरोबरीच्या पुरुषाला 'भेटूया' म्हणताना घामाघूम होतो. सिडनी त्याला 'पिस्टल' म्हणतो, तर याच्या तोंडून उलट 'जोबिन' बाहेर पडतं. अर्थ त्यालाही ठाऊक नाही. पॉल रडचं काम या ठिकाणी अफाट आहे. शब्द निसटल्यानंतरची ती अर्धी सेकंद, स्वतःच्याच तोंडाकडे संशयाने बघितल्यासारखा चेहरा! मी पोट धरून हसत होते. शेजारून काही आवाज आला नाही.

सीगलचा सिडनी सैल, आळशी आणि निर्लज्ज. घराच्या आवारातल्या खोलीत ड्रम, गिटार, पसारा. कुत्र्याचं नाव अन्वर सादात, म्हणजे इजिप्तच्या माजी राष्ट्राध्यक्षांचं, कारण म्हणे तो त्यांच्यासारखा दिसतो. लॉस एंजेलिसमधल्या व्हेनिसच्या किनाऱ्यावर कुत्र्याची घाण उचलत नाही आणि कोणी हटकलं तर अंगावर ओरडतो. पण हा माणूस पीटरला विचारतो, तू झोईशी लग्न का करतोयस? हा प्रश्न याआधी कोणीच विचारलेला नाही. पीटर भाबडेपणाने तो झोईलाच जाऊन सांगतो आणि घोळ होतो. तिची बाजू मला पूर्ण पटली. मित्राच्या प्रश्नावर नवरा निरुत्तर झालाय, हे ऐकून कोणती बाई 'बरं' म्हणेल?

तक्रारीही आहेत. पोकर पार्टीतली वांती लांबण लावून दाखवली आहे. झोईच्या मैत्रिणींना सल्ले देण्यापलीकडे काम नाही, आणि झोई स्वतः इतकी समजूतदार की कधीकधी लेखकांनीच तिला सांभाळून घेतल्यासारखं वाटतं. शेवट तर अर्धा तास आधीच कळतो. पीटरकडून उसने घेतलेल्या आठ हजार डॉलरचं सिडनी काय करतो ते सांगत नाही; ती गंमत मात्र झकास जमली आहे. रश या कॅनडाच्या बँडची मैफल सुरू असताना दोन मोठे पुरुष शाळकरी पोरांसारखे नाचतात आणि झोई बाजूला उभी राहून बघते, तिथे तिचा चेहराच बघा, संवादाची गरज नाही.

सासूबाई किंवा मुलं शेजारी असतील तर बघू नका. साखरपुड्याच्या जेवणात सिडनी जे भाषण ठोकतो त्यानंतर कोणाला कोणाकडे बघता येणार नाही. जोडीने बघायला उत्तम. आमच्या घरी तो संपल्यावर 'ठीक होता' एवढाच अभिप्राय मिळाला. दुसऱ्या दिवशी 'जोबिन, चहा?' असं मला विचारण्यात आलं, म्हणजे लक्ष देऊन बघितला होता.