ठेव समजून घेतलेली पॉलिसी

नोव्हेंबर महिन्यात आम्ही निवृत्तिवेतनधारक बँकेत हयातीच्या दाखल्याच्या यादीवर सही करायला जातो. सातारा जिल्ह्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळांमध्ये पस्तीस वर्षे नोकरी करून वयाच्या ५८ व्या वर्षी मी मे २०२१ मध्ये निवृत्त झालो आणि त्या वर्षीचा नोव्हेंबर हा माझ्यासाठी अशा सहीचा पहिलाच होता. निवृत्तीची रक्कम काही आठवड्यांपूर्वीच खात्यावर जमा झाली होती. सही करून मी वळलो, तेव्हा शाखेतल्या एका तरुण अधिकाऱ्याने मला आत बोलावून खुर्ची दिली, चहा मागवला आणि मी शिक्षक होतो हे कळताच वाकून नमस्कार केला. पुढे जे घडले त्याची सुरुवात त्या नमस्काराने झाली असे मी मानतो, कारण त्या क्षणापासून मी त्याला बँकेचा नोकर म्हणून पाहणे सोडले आणि एखाद्या गुणी माजी विद्यार्थ्याकडे पाहावे तसा त्याच्याकडे पाहू लागलो.

त्याने माझे खाते आधीच पाहिलेले होते. "गुरुजी, एवढी रक्कम बचत खात्यात ठेवणे म्हणजे नुकसान आहे, आणि साध्या ठेवीला सध्या व्याजही फारसे नाही," असे तो म्हणाला. त्यात खोटे काहीच नव्हते. त्या काळात बँकांच्या मुदत ठेवींचे दर पाच-सहा टक्क्यांच्या आसपास उतरले होते. मग त्याने ज्येष्ठांसाठी खास ठेव आहे, व्याज जास्त आहे, वर विम्याचे संरक्षण फुकट आहे आणि एक वर्ष झाले की केव्हाही मोडता येते, असे सांगितले. मी दोनदा विचारले, "ही मुदत ठेवच ना?" दोन्ही वेळा त्याने "एफडीच आहे, गुरुजी, फक्त नाव वेगळे आहे" असे उत्तर दिले. पत्नीच्या गुडघ्याच्या शस्त्रक्रियेसाठी बाजूला काढलेले तीन लाख रुपये मी त्यात ठेवायचे ठरवले. त्याने खुणा केलेल्या जागांवर मी सह्या केल्या. बाकीचा फॉर्म तो नंतर भरणार होता.

खात्यातून मात्र ३,१३,५०० रुपये वजा झाले. वरचे साडेतेरा हजार कशाचे, असे मी विचारले तेव्हा ते पहिल्या वर्षाचे प्रक्रिया शुल्क आहे असे सांगण्यात आले. प्रत्यक्षात तो विम्याच्या पहिल्या हप्त्यावरचा साडेचार टक्के जीएसटी होता. बँकेत ठेव ठेवताना मुद्दलावर जीएसटी लागत नाही, हे मला माहीत असते तर फसवणूक त्याच दिवशी उघडी पडली असती. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आयुर्विम्याच्या हप्त्यावरचा जीएसटी शून्य झाला आहे, त्यामुळे आज कोणाच्या बाबतीत हाच प्रकार घडला तर बरोबर तीन लाखच वजा होतील आणि शंका घ्यायला एवढीही जागा उरणार नाही.

दोन दिवसांनी त्या अधिकाऱ्याचा फोन आला. "कंपनीकडून पडताळणीचा फोन येईल, सगळ्याला हो म्हणा, मध्ये काही विचारले तर ठेव रद्द होते आणि पैसे महिनाभर अडकतात." थोड्याच वेळात एका मुलीचा फोन आला. ती हिंदीत आणि फार भरभर बोलत होती. मी मराठीत बोलण्याची विनंती केली, ती तिने ऐकली न ऐकल्यासारखी केली. मला निम्मेअधिक शब्द नीट कळले नाहीत, तरी मी प्रत्येक प्रश्नाला होकार देत गेलो. वाचकांनी या घटनेकडे विशेष लक्ष द्यावे असे मला कळकळीने वाटते. हा फोन ग्राहकाला सावध करण्यासाठी असतो. हप्ता किती, किती वर्षे भरायचा, हा विमा आहे हे समजले का, हेच त्यात विचारले जाते. विकणाऱ्याने त्याआधीच तुम्हाला होकार पढवून ठेवला असेल, तर तुमच्या रक्षणासाठी केलेली ती सोय तुमच्याविरुद्धचा पुरावा होऊन बसते. पडताळणीच्या फोनवर काय बोलायचे हे जो माणूस शिकवतो, त्याच्याशी व्यवहार तेथेच थांबवावा.

डिसेंबरमध्ये टपालाने एक जाड पाकीट आले. पत्नीने ते हातात घेऊन विचारले, "अहो, बँकेच्या ठेवीला इतकी पाने कशाला लागतात?" तिचा प्रश्न अगदी बरोबर होता. मी मात्र ते पाकीट उघडून, वरचे अभिनंदनाचे पत्र तेवढे वाचून, कपाटात ठेवून दिले. पॉलिसीचे दस्तऐवज हाती पडल्यापासून ठरावीक दिवसांत ती नापसंत म्हणून परत करता येते आणि किरकोळ वजावट करून पैसे परत मिळतात. ही मुदत तेव्हा साधारणपणे १५ दिवसांची होती. २०२४ च्या नियमांनी ती ३० दिवस झाली आहे. हा हक्क त्याच पाकिटात छापलेला होता. तो कपाटात पडून राहिला आणि मुदत निघून गेली.

ऑक्टोबर २०२२ मध्ये मोबाईलवर संदेश आला की, नूतनीकरणाचा ३,०६,७५० रुपयांचा हप्ता नोव्हेंबरमध्ये देय आहे. मला वाटले, चुकून दुसऱ्याचा संदेश आला. पत्नीच्या शस्त्रक्रियेची तारीखही तेव्हाच ठरत होती, म्हणून ठेव मोडावी आणि या संदेशाचीही चौकशी करावी, असे ठरवून आम्ही दोघे बँकेत गेलो. त्या अधिकाऱ्याची बदली झाली होती. त्याच्या जागी आलेल्या बाईंनी संगणकावर पाहून शांतपणे सांगितले की, तुमच्या नावावर अशी मुदत ठेव नाही. ही विमा पॉलिसी आहे, दरवर्षी तीन लाख असे दहा वर्षे भरायचे आहेत, आणि याबाबत कंपनीशीच बोलावे लागेल. पत्नी तेथे काहीच बोलली नाही. घरी येईपर्यंत आम्ही दोघेही बोललो नाही.

त्या रात्री मी प्रथमच ते पाकीट पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचले. सोबत जोडलेल्या प्रस्ताव-अर्जाच्या प्रतीत माझा व्यवसाय 'व्यापार' आणि वार्षिक उत्पन्न बारा लाख लिहिलेले होते. माझे निवृत्तिवेतन महिन्याला तेहतीस हजारांच्या आसपास, म्हणजे वर्षाला जेमतेम चार लाख. चार लाख मिळवणारा निवृत्त शिक्षक दरवर्षी तीन लाखांचा हप्ता भरू शकत नाही हे कोणालाही कळेल, म्हणूनच मला व्यापारी करण्यात आले होते. अर्जातला ईमेल पत्ताही माझा नव्हता. विम्याची रक्कम २१ लाख, म्हणजे हप्त्याच्या सात पट. वार्षिक हप्ता विमा रकमेच्या दहा टक्क्यांहून जास्त असला, तर मुदतीनंतर मिळणारी रक्कम आयकरातून मुक्त नसते. मला मात्र 'सगळे करमुक्त' असे सांगितले गेले होते.

खरा सापळा मला त्यानंतर समजला. त्या वेळच्या नियमांप्रमाणे एकच हप्ता भरून थांबले तर पॉलिसी बंद पडे आणि हाती काहीही येत नसे. दुसरा हप्ता भरला तर ती परत करता येई, पण दुसऱ्या वर्षी हमीचे मूल्य, म्हणजे परत केल्यावर नक्की मिळणारी किमान रक्कम, भरलेल्या हप्त्यांच्या ३० टक्के. म्हणजे तीन लाख वाचवण्यासाठी आणखी तीन लाख घालायचे आणि सहा लाखांतले एक लाख ऐंशी हजार परत घ्यायचे. कंपनीच्या ग्राहक सेवेतल्या माणसाने मला हाच सल्ला दिला आणि वर "आता सोडू नका, पुढे फायदाच आहे" असेही सांगितले. आपल्यापैकी अनेकजण या ठिकाणी दुसरा, तिसरा हप्ता भरत राहतात, कर्ज काढूनही भरतात, कारण पहिला बुडाला हे मान्य करणे फार जड जाते. मला ते जड गेले, पण भरायला पैसेच नव्हते, म्हणून मी थांबलो. १ ऑक्टोबर २०२४ पासूनच्या नव्या पॉलिसींना एका वर्षानंतरही काही परतावा मूल्य मिळते, त्यामुळे पुढच्या ग्राहकांची स्थिती थोडी बरी आहे. माझी पॉलिसी जुन्या नियमांतली होती.

तक्रार कशी करावी हे मी थोडे विस्ताराने सांगतो, कारण मला ते सांगणारे तेव्हा कोणी नव्हते. प्रथम विमा कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार द्यावी आणि पोच घ्यावी. बँकेच्या काउंटरवर वाद घालण्यात मी पंधरा दिवस घालवले, ते वाया गेले. तक्रारीत मी तीन गोष्टी मांडल्या: अर्जातले खोटे उत्पन्न, दुसऱ्याचा ईमेल पत्ता आणि ठेव म्हणून केलेली विक्री. पुराव्यासाठी निवृत्तिवेतनाचा आदेश आणि पासबुकाच्या प्रती जोडल्या. शिवाय पडताळणीच्या फोनचे ध्वनिमुद्रण मागितले. विमा नियामक प्राधिकरणाच्या १५५२५५ या क्रमांकावरही तक्रारीची नोंद करता येते. कंपनीने जानेवारी २०२३ मध्ये तक्रार फेटाळली. कारण अपेक्षित होते: परत करण्याची मुदत संपली आहे आणि पडताळणीच्या फोनवर आपण संमती दिली आहे.

कंपनीने नकार दिला किंवा महिनाभर उत्तर दिले नाही, तर विमा लोकपालांकडे, म्हणजे विमा कंपन्यांविरुद्धच्या तक्रारींचा निवाडा करणाऱ्या अधिकाऱ्याकडे, जाता येते. नकारानंतर एक वर्षाच्या आत जावे लागते. आपल्या राज्यात पुणे, मुंबई अशा ठिकाणी त्यांची कार्यालये आहेत. आम्हा साताऱ्याकडच्या लोकांना पुण्याचे कार्यालय. शुल्क काहीही नाही आणि वकील करावा लागत नाही. किंबहुना तेथे वकिलामार्फत बाजू मांडताच येत नाही, ज्याची तक्रार त्यानेच बोलायचे असते. मला याचा फार आधार वाटला, कारण वकिलाच्या खर्चाच्या भीतीनेच मी कदाचित गप्प बसलो असतो.

जुलैमध्ये दूरदृश्य प्रणालीवर सुनावणी झाली. पुतण्याने मोबाईल लावून दिला आणि मी घरच्या टेबलाशी कागद मांडून बसलो. कंपनीने ते ध्वनिमुद्रण सादर केले होते. स्वतःचा आवाज पुन्हा पुन्हा "हाँ जी" म्हणताना ऐकणे मला अतिशय क्लेशदायक झाले. पण त्याच मुद्रणात एका जागी मी मोडक्या हिंदीत "ये एफडीच है ना?" असे विचारलेले होते, आणि त्या मुलीने त्याला उत्तर न देता पुढचा प्रश्न वाचला होता. तो भाग मी आधीच कागदावर मिनिट-सेकंदासह टिपून ठेवला होता. लोकपालांनी तो पुन्हा लावायला सांगितला, मग अर्जातल्या बारा लाखांबद्दल कंपनीच्या प्रतिनिधीला विचारले. त्याच्याकडे उत्तर नव्हते.

निकाल पूर्णपणे माझ्या बाजूने लागला असे मी म्हणणार नाही. दहा वर्षांची पॉलिसी रद्द करून तिचे एकदाच हप्ता भरण्याच्या पॉलिसीत रूपांतर करावे आणि मूळ तारखेपासून पाच वर्षांनी पैसे काढता यावेत, असा आदेश झाला. पुढचे हप्ते भरण्याचे बंधन गेले आणि मुद्दल बुडाले नाही, याबद्दल मी कृतज्ञ आहे. पण ते पैसे नोव्हेंबर २०२६ पर्यंत अडकले. पत्नीच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया आठ महिने लांबली आणि शेवटी माझ्या भावाकडून उसने घेऊन झाली. त्या आठ महिन्यांत ती जिना उतरताना कठड्याला धरून थांबायची, ते मला अजून दिसते. हिशेबाचेही सांगतो. निवृत्तीचे लाभ मिळाल्यापासून एक महिन्याच्या आत मला पोस्टातल्या ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत पैसे ठेवता आले असते, कारण निवृत्त व्यक्तींना ५५ वर्षांनंतर ती सवलत होती. तेव्हाचा दर ७.४ टक्के होता, म्हणजे तीन लाखांवर दर तिमाहीला ५,५५० रुपये. जास्त व्याजाची ठेव शोधणाऱ्या मला ही योजना कोणी सांगितली नाही, कारण ती सांगण्यात कोणाचे कमिशन नव्हते.

त्या तरुणाविषयी मी पुष्कळ विचार केला आहे. बँका विमा कंपन्यांच्या कॉर्पोरेट एजंट, म्हणजे कमिशनवर विमा विकणाऱ्या संस्था, असतात, विक्रीची उद्दिष्टे वरून येतात आणि पहिल्या वर्षाच्या हप्त्यावरचे कमिशन पुढच्या वर्षांपेक्षा कितीतरी जास्त असते, हे मला आता कळले आहे. त्याच्यावर दडपण असेल. तरीही माझे उत्पन्न बारा लाख असे लिहिताना त्याचा हात चालला, ही गोष्ट मी दडपणाच्या खात्यावर टाकू शकत नाही. शिक्षक म्हणून मला त्याचे विशेष दुःख आहे.

गेल्या नोव्हेंबरमध्ये मी पुन्हा हयातीच्या सहीसाठी गेलो होतो. आमच्या केंद्रातल्या एक निवृत्त मुख्याध्यापिका बाई आतल्या खोलीतून हातात फॉर्म घेऊन बाहेर आल्या आणि चांगल्या ठेवीबद्दल सांगू लागल्या. मी त्यांना बाकावर बसवले आणि आम्ही दोघांनी मिळून तो फॉर्म सावकाश वाचला. तिसऱ्या पानावर 'हप्ते भरण्याचा कालावधी' या ओळीपुढे बारा वर्षे असा आकडा होता. बाईंनी चष्मा काढून तो पुसला, ओळ पुन्हा वाचली, आत जाऊन फॉर्म परत दिला आणि काउंटरवर साध्या मुदत ठेवीचा अर्ज मागितला. तो दोनच पानांचा होता.