हरिश्चंद्रगडाच्या तीन वाटा: पाचनई, खिरेश्वर की नळीची वाट?

हरिश्चंद्रगडावर चढणाऱ्या वाटा पाच-सहा तरी सांगता येतील, पण निवड करण्याची वेळ येते तेव्हा प्रत्यक्षात तीनच समोर असतात. पाचनईची वाट अहिल्यानगर जिल्ह्याच्या अकोले तालुक्यातून, खिरेश्वरची वाट पुणे जिल्ह्याच्या जुन्नर तालुक्यातून आणि नळीची वाट ठाणे जिल्ह्याच्या मुरबाड तालुक्यातील बेलपाड्याहून गडावर येते. या तिन्हींची सोपी, मध्यम आणि अवघड अशी वर्गवारी सर्रास केली जाते आणि ती चुकीची नाही. मात्र पहिल्यांदा जाणाऱ्याला, किंवा ज्याच्या भरवशावर दहा-बारा जण घराबाहेर पडणार आहेत अशा माणसाला, तेवढ्यावर निर्णय घेता येत नाही. माझ्या मते चढ किती दमवतो यापेक्षा ती वाट आपली कोणती चूक पोटात घालते आणि कोणती घालत नाही, हे पाहणे अधिक महत्त्वाचे आहे. या कसोटीवर तिन्ही वाटांचे स्वभाव अगदी वेगळे निघतात.

आधी भूगोल लक्षात घेतलेला बरा. गडाचे सर्वोच्च शिखर, तारामती, चौदाशे मीटरहून थोडे अधिक उंच आहे. पाचनई आणि खिरेश्वर ही दोन्ही गावे घाटमाथ्याच्या बाजूची असल्यामुळे तिथून चढायला लागण्यापूर्वीच बरीचशी उंची गाडीने गाठलेली असते. बेलपाडा मात्र खाली कोकणात, कोकणकडा या गडाच्या पश्चिमेकडील उभ्या कड्याच्या पायथ्याशी आहे आणि तिथून कड्याच्या माथ्यापर्यंतचा चढ हजार मीटरहून अधिक भरतो. त्यामुळे ‘तीन वाटा एकाच गडाच्या’ असे म्हटले तरी नळीच्या वाटेने जाणारा माणूस एका अर्थाने वेगळाच डोंगर चढत असतो.

पाचनईची वाट

पाचनईहून हरिश्चंद्रेश्वराच्या मंदिरापर्यंत पोहोचायला सामान्य चालीने दोन ते तीन तास लागतात. सुरुवातीचा चढ झाडीतून आहे, मध्ये एका प्रचंड कातळभिंतीच्या पोटातून आडवे जावे लागते आणि तिथे दरीच्या बाजूला रेलिंग आहे. पुढे मंगळगंगेच्या ओढ्याच्या साथीने वाट मंदिराच्या परिसरात शिरते. वाट मळलेली आहे, शनिवार-रविवारी तिच्यावर माणसांची ये-जा अखंड असते आणि मधल्या टप्प्यांवर गावकऱ्यांनी मांडलेल्या सरबताच्या व नाश्त्याच्या टपऱ्याही सापडतात. निघायला उशीर झाला, पाणी कमी पडले, एखाद्याचा पाय मुरगळला, तरी मदत फार दूर नसते. चुका पोटात घालण्याच्या बाबतीत तिन्हींमध्ये हीच वाट सर्वांत उदार आहे.

तिची एक बाजू मात्र सांगितली जात नाही. पावसाळ्यात हा ओढा आणि त्याला मिळणारे लहान प्रवाह वाटेलाच छेदून जातात आणि घाटमाथ्यावर जोराची सर आली की सकाळी घोट्याएवढे असलेले पाणी दुपारी गुडघ्याच्या वर चढलेले असू शकते. अशा वेळी पलीकडे जाण्याची घाई न करता पाणी ओसरेपर्यंत थांबणे हाच उपाय असतो आणि गर्दीच्या दिवशी नेमके तेच कोणी करत नाही. रेलिंगच्या अरुंद भागात दोन्ही बाजूंनी माणसे आली की होणारा खोळंबा हाही पावसाळी रविवारचा नेहमीचा अनुभव आहे. एकांतासाठी गडावर जाणाऱ्याने जुलै-ऑगस्टमधल्या सुटीच्या दिवशी पाचनई टाळावी, किंवा निदान पहाटे चढायला लागावे.

खिरेश्वरची वाट

गड समजून घ्यायचा असेल तर माझा कौल खिरेश्वरला आहे. गावातले नागेश्वराचे यादवकालीन मंदिर, मागे पिंपळगाव जोगा धरणाचा जलाशय, मग टोलार खिंडीपर्यंतची रानातली चढण, खिंडीतले व्याघ्रशिल्प, त्यानंतरचा रेलिंग लावलेला उभा कातळटप्पा, बाजूला ठेवावा लागणारा बालेकिल्ला आणि शेवटी एकामागून एक येणाऱ्या टेकड्यांवरून मंदिराकडे नेणारी लांबलचक पठारी वाट, असा या चालीचा क्रम आहे. गडाचा विस्तार किती मोठा आहे हे पायांना याच वाटेवर कळते. पाचनईहून आलेल्या माणसाला मंदिर आणि कोकणकडा दिसतो, पण गड दिसत नाही. चढायला चार ते पाच तास धरावेत, नवखा गट असेल तर सहा.

कातळटप्पा पाहून बिचकणारे पुष्कळ भेटतात, पण या वाटेचा खरा धोका तिथे नाही. तो टप्पा लक्ष देऊन चढला जातो. धोका त्याच्या वर आहे, जिथे लक्ष सैल पडते: पठारावर कारवीतून आणि गवतातून ढोरवाटा फुटतात, टेकड्या एकमेकींसारख्या दिसतात आणि धुके उतरले की दहा पावलांवरचा दगडावरचा बाणही दिसत नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये पाऊस आणि धुक्यात या गडावर वाट चुकलेल्या एका गटातील एकाचा थंडीने मृत्यू झाला होता. सह्याद्रीत थंडीने माणूस दगावतो हे अनेकांना पटत नाही, पण भिजलेले कपडे, सततचा वारा आणि रिकामे पोट एकत्र आले की त्यासाठी बर्फाची गरज लागत नाही.

म्हणून खिरेश्वरची वाट दमछाक माफ करते, परंतु दिशेची चूक माफ करत नाही. जून ते सप्टेंबर या काळात वाट माहीत असलेला माणूस सोबत नसेल तर गावातून वाटाड्या घ्यावा. मोबाइलवरच्या नकाशावर विसंबायचे असेल तर तो आधीच उतरवून ठेवलेला असावा, कारण गडावर नेटवर्कचा भरवसा नाही. उतरतानाची एक बाब विशेष ध्यानात ठेवण्यासारखी आहे. टोलार खिंडीच्या एका अंगाला खिरेश्वर आणि दुसऱ्या अंगाला कोथळे आहे. धुक्यात घाईने भलत्या बाजूला उतरलात तर गाव मिळेल, पण तुमची गाडी दुसऱ्या तालुक्यात उभी असेल. याचीच चांगली बाजू अशी की ज्यांना कातळटप्पा आणि पठार तर हवे आहे, पण सुरुवातीची चढण नको आहे, त्यांना कोथळ्याहून खिंड कमी चालीत गाठता येते.

नळीची वाट

बेलपाड्याहून निघालेली वाट थोड्याच वेळात ओढ्याच्या पात्रात शिरते आणि पुढचे काही तास मोठमोठ्या धोंड्यांवरून उड्या मारत, चढत-उतरत जावे लागते. समोर कोकणकडा सतत असतो, आणि खालून त्याच्याकडे पाहण्याची ही संधी बाकीच्या दोन वाटांवर मिळत नाही, हे या वाटेचे सर्वांत मोठे आकर्षण आहे. पुढे घळ अरुंद होते, पायाखाली घसारा, म्हणजे सुटी माती आणि दगड, येतो आणि कातळटप्पे सुरू होतात. या टप्प्यांवर दोर, हार्नेस आणि ते वापरायला शिकलेली माणसे लागतात. पूर्ण चढाईला आठ ते दहा तास सहज लागतात; गट मोठा असेल तर प्रत्येक कातळटप्प्यावर रांग लागते आणि हा हिशेब कोलमडतो.

इथे माफी नाही. अर्ध्याच्या पुढे गेल्यावर परत फिरणे हा चढण्यापेक्षा कठीण पर्याय होतो, कारण जे कातळ हातापायांनी चढून आलो तेच दोराशिवाय उतरता येत नाहीत. वरच्या माणसाच्या पायाखालून सुटलेला दगड घळीतून थेट खालच्या माणसाच्या दिशेने येतो, म्हणून हेल्मेट हे हौसेचे सामान नाही. पावसाळा संपून जसजसे दिवस जातात तसतसे वरच्या भागातले पाणी आटत जाते, तेव्हा दिवसभराचे पाणी पाठीवर घेऊनच निघावे लागते. घळ पश्चिमेच्या अंगाला असल्यामुळे सकाळी सावली मिळते, पण दुपारनंतर ऊन थेट आत येते. उजाडण्याच्या सुमारास चालू लागलेला गट आणि नऊ वाजता निघालेला गट यांच्यात त्यामुळे केवळ तीन तासांचा फरक राहत नाही.

पावसाळ्यात ही वाट निवडीच्या यादीतच धरू नये, कारण तेव्हा ती पाण्याची वाट असते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा तिचा योग्य काळ आहे. हंगाम चांगला असला म्हणून तयारी कमी चालते असे मात्र नाही. नोव्हेंबर २०१८ मध्ये कोकणकडा दोरावरून उतरणारे वीसेक जण अंधार पडल्यामुळे कड्यात अडकले होते आणि त्यांना सोडवायला बचावपथक बोलवावे लागले होते. तो प्रकार नळीच्या वाटेवरचा नव्हता, पण दिवसाचा हिशेब चुकल्यावर या बाजूला काय होते याचा तो पुरेसा दाखला आहे. सह्याद्रीतले पाच-सहा साधे ट्रेक केलेल्या, परंतु दोराला कधी हात न लावलेल्या माणसाने ही वाट पुढच्या वर्षावर टाकलेली बरी. आयोजकाने ‘फक्त फिटनेस हवा’ असे सांगितले तर त्या आयोजकाबद्दलच पुन्हा विचार करावा.

पोहोचणे, मुक्काम आणि नियम

मुंबईकडून पाचनईला जायचे तर कसारा, घोटी, राजूर असा रस्ता आहे. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाल्यापासून स्वतःच्या वाहनाने घोटीपर्यंत येणे सुकर झाले आहे. घोटीच्या पुढचा रस्ता मात्र तोच आहे आणि राजूर-पाचनई हा भाग पावसाळ्यात सावकाशच कापावा लागतो. एसटीवर अवलंबून असलेल्यांसाठी खिरेश्वर सर्वांत सोयीचे, कारण कल्याण-आळेफाटा मार्गावरच्या गाड्या माळशेज घाट चढून खुबी फाट्यावर सोडतात आणि तिथून गाव साधारण पाच किलोमीटरवर आहे. पुणेकरांनाही नारायणगाव, आळेफाटा, खुबी फाटा हा सरळ रस्ता पडतो. पाचनईसाठी त्यांना कोतूळमार्गे वळसा घ्यावा लागतो. बेलपाड्याला जाण्यासाठी मुरबाड, टोकावडे ओलांडून घाट सुरू होण्यापूर्वीच सावर्णे फाट्यावरून आत वळावे लागते. माळशेज घाटात पावसाळ्यात दरड कोसळण्याचे प्रकार होतात, तेव्हा खिरेश्वर ठरवलेल्या मुंबईकरांनी निघण्यापूर्वी रस्त्याची चौकशी करावी.

एका दिवसात जाऊन येण्याजोगी वाट खरे तर पाचनईचीच आहे. खिरेश्वरहून तसे जाणारे आहेत, पण मग कोकणकड्यावर अर्धा तासही निवांत मिळत नाही आणि उतरताना पठारावरच संध्याकाळ होण्याची शक्यता राहते. मुक्कामाचे आणखी एक कारण आहे. कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याला १८३५ मध्ये दिसलेले म्हणून ज्याचा उल्लेख होतो ते इंद्रवज्र, म्हणजे समोरच्या धुक्यावर उमटणारे गोल इंद्रधनुष्य आणि त्यात आपलीच सावली, दिसण्यासाठी सूर्य पाठीशी आणि धुके समोर असावे लागते. कोकणकडा पश्चिमेकडे तोंड करून असल्यामुळे ही जुळणी सकाळीच होऊ शकते. दुपारी पोहोचून संध्याकाळी परतणाऱ्याला कड्यावरचा वारा आणि कदाचित सूर्यास्त मिळेल, इंद्रवज्र नाही. पावसाळा सरताना, सप्टेंबरच्या अखेरीस किंवा ऑक्टोबरात, गडावर रात्र काढणाऱ्यालाच ती शक्यता असते, आणि तीही शक्यताच.

गड कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो. प्रवेशाची नोंद व शुल्क, शेकोटीला मनाई, प्लास्टिक परत आणण्याची सक्ती, तंबू कुठे लावता येईल याचे निर्बंध हे सगळे वनविभागाच्या अखत्यारीतले विषय आहेत आणि ते हंगामानुसार बदलतात. अतिवृष्टीच्या इशाऱ्याच्या काळात जिल्हा प्रशासनही बंदीचे आदेश काढते. तीन वाटा तीन जिल्ह्यांत असल्यामुळे एका जिल्ह्याचा आदेश वाचून दुसऱ्या बाजूने निघण्याची चूक होऊ शकते, म्हणून ज्या गावातून चढणार त्याच जिल्ह्याची ताजी सूचना पाहावी. मंदिराजवळच्या सप्ततीर्थ पुष्करणीतले पाणी पिण्यासाठी धरू नये, आणि केदारेश्वराच्या गुहेतल्या गार पाण्यात उतरायचे झाले तर आधी आजूबाजूच्यांना विचारून घ्यावे.

निवड करताना

लहान मुले किंवा साठीच्या पुढची माणसे सोबत असतील, किंवा पहिलाच पावसाळी ट्रेक असेल, तर पाचनईखेरीज दुसरा विचार करण्याचे कारण नाही. चालण्याची सवय असलेल्या आणि मुक्कामाची तयारी असलेल्या गटाने ऑक्टोबर ते जानेवारी या काळात खिरेश्वरहून चढावे. मे महिन्यात मात्र याच पठारावर सावली नसल्याने, दुपारच्या आत मंदिर गाठता येणार नसेल तर तो बेत करू नये. नळीची वाट हा गडावर जाण्याचा मार्ग म्हणून निवडण्यापेक्षा स्वतंत्र आरोहण म्हणून निवडावी, आणि त्या दिवशी मंदिर, केदारेश्वर, तारामती पाहण्याची अपेक्षा ठेवू नये. कड्यावर पोहोचेपर्यंत ते पाहण्याइतकी उमेद बहुधा उरत नाही.

माझ्या दृष्टीने सर्वांत समाधानकारक बेत मात्र दोन वाटांचा आहे: खिरेश्वरहून चढायचे, रात्र वर काढायची आणि पाचनईला उतरायचे. दिशेची चूक होण्याजोगा भाग ताज्या डोक्याने आणि भरपूर उजेडात पार पडतो, आणि दमलेल्या पायांच्या वाट्याला मळलेली उतरण येते. नळीच्या वाटेने चढलेलेही पुष्कळ जण याच कारणाने पाचनईलाच उतरतात. अडचण वाहनाची असते, कारण खिरेश्वर आणि पाचनई यांच्यात रस्त्याने मोठा वळसा आहे. स्वतःची गाडी खिरेश्वरला लावून हा बेत जमत नाही. तेव्हा येताना एसटीने खुबी फाट्यावर उतरावे आणि पाचनईहून राजूरपर्यंतच्या जीपचे बोलणे आदल्या दिवशीच करून ठेवावे, कारण रविवारी दुपारनंतर तिथे मिळेल त्या गाडीसाठी मिळेल तो भाव मोजावा लागतो.